मी नसले तर हे काम कोण करील? : सत्तरीतील एका पशुवैद्य मुलीच्या निवडीचे प्रकरण

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका गावात वाढलेली आणि मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षे शिकून २०२२ च्या पावसाळ्यात घरी परतलेली एक मुलगी आपल्या शिक्षणाचा लोकांना खरा उपयोग कुठे होईल याचा विचार करू लागली आणि तो विचार तडीस जाईपर्यंत पावणेदोन वर्षे गेली. ही मुलगी माझी भाची. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो असून या काळात तिच्या घरी झालेल्या बहुतेक चर्चांना हजर होतो. एका टप्प्यावर तिला चुकीचा सल्लाही मीच दिला होता. तिच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. तिचे नाव, गाव आणि तिने जिथे जिथे काम केले त्या ठिकाणांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

"समाजासाठी काहीतरी करायचे आहे" असे म्हणणारी मुले मी अठ्ठावीस वर्षे वर्गात पाहिली. त्यांना आम्ही शिक्षक मंडळी ठरलेली उत्तरे देत असू: डॉक्टर हो, शिक्षक हो, सरकारी सेवेत जा. एखाद्या कामाने नेमका किती फरक पडतो, तो कशाने मोजायचा आणि त्यात आपल्या एकट्याची भर किती असते, हे प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे कधी ठेवले नाहीत, कारण ते आम्हालाच सुचले नव्हते. भाचीने ते विचारले आणि उत्तरे घरात बसून न काढता जागेवर जाऊन शोधली. हे प्रकरण लिहिण्यासारखे वाटते ते एवढ्यासाठी.

घरची परिस्थिती

तिच्या वडिलांचे दोन टिप्पर खनिज वाहतुकीवर चालत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातला खाण व्यवसाय थांबला, मधल्या काळात थोडा सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत त्या वर्षांत अंगणात उभे राहून गंजलेले ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. एक टिप्पर मिळेल त्या भावाने विकला गेला. तिने प्रवेश घेतला तेव्हा गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नव्हते, त्यामुळे मुंबईचे राहणे-जेवणे आले आणि त्यासाठी साडेतीन लाखांचे शैक्षणिक कर्ज घ्यावे लागले. धाकटा भाऊ अजून शिकत होता. म्हणजे लोकोपयोगी काम निवडण्याचा विचार ज्या घरात चालला होता, त्या घराला दर महिन्याचा हप्ता चुकवून चालणार नव्हते. अशा प्रकरणांत ही बाजू अनेकदा तळटीपेत जाते, पण इथे ती पहिल्या दिवसापासून मधोमध होती.

तिच्यापुढे चार वाटा होत्या. वडिलांना वाटे की तिने पर्वरी किंवा पणजीच्या बाजूला पाळीव कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नोकरी धरावी आणि पुढे स्वतःचा दवाखाना काढावा. माझ्या बहिणीचा ओढा सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदाकडे होता. मी रेबीज निर्मूलनाच्या कामाचा आग्रह धरला होता. चौथी वाट मावसभावाची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या वारसांना मिळणारा पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो युरोपात गेला होता आणि तिनेही तसेच करावे, भरपूर मिळवावे आणि हवे तर त्यातून दान करावे, असे त्याचे म्हणणे होते. ही शेवटची वाट तिने लवकर बाजूला सारली, कारण तिकडे पशुवैद्य म्हणून नोंदणी होईपर्यंतची वर्षे आणि खर्च घराला परवडणारे नव्हते. मात्र मिळवून दान करण्याचा मुद्दा तिने सोडला नाही. तो पुढे हिशेबात आला.

माझा सल्ला आणि त्यातली चूक

गोव्यातील रेबीज कार्यक्रमावरचा शोधनिबंध २०२२ मध्येच 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आला होता. गोवा सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी २०१३ ते २०१९ या काळात केलेल्या कामाचा हिशेब त्यात आहे. मोबाइलवरील नोंदींच्या आधाराने पथकांना गल्लोगल्ली पाठवून वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस दिली गेली, म्हणजे एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के. दरवर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांना कुत्रा चावल्यास काय करावे हे शिकवण्यात आले. माणसांमधला रेबीज थांबला आणि कुत्र्यांमधल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. अकाली मृत्यूने गेलेली आणि आजारपणाने वाया गेलेली वर्षे एकत्र करून निरोगी आयुष्याची वर्षे मोजण्याची सार्वजनिक आरोग्यात एक रीत आहे. त्या रीतीने या कार्यक्रमाने २,२४९ वर्षे वाचवली आणि एका वर्षामागे ५२६ डॉलर खर्च आला. डॉलर ७० रुपयांचा धरला तर हे साधारण ३७ हजार रुपये होतात.

लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही आणि जगातल्या अशा मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात. असा रोग आपल्या चिमुकल्या राज्यात आटोक्यात आला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तो निबंध तिच्यापुढे ठेवून मी म्हणालो, "हे बघ, आकड्यानेच सिद्ध झालेले काम आहे. दुसरे काय शोधतेस?"

तिने निबंध दोनदा वाचला आणि दोन दिवसांनी मला म्हणाली, "मामा, हा हिशेब झालेल्या कामाचा आहे, आणि तो सरासरीचा आहे. उद्या मी तिथे गेले तर माझ्यामुळे किती वाढेल, ते यात कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही. एखादे क्षेत्र मोलाचे आहे म्हणून त्यात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाची भरही तितकीच मोलाची असते, असे मी गृहीत धरले होते. वर्गात हीच चूक मी कितीतरी मुलांच्या बाबतीत केली असणार.

त्याच सुमारास तिच्या वाचनात '८०,००० अवर्स' या ऑक्सफर्डमध्ये २०११ साली सुरू झालेल्या संस्थेची मांडणी आली होती. संस्थेच्या नावामागे साधा गुणाकार आहे: वर्षाला ५० आठवडे, आठवड्याला ४० तास आणि अशी ४० वर्षे, म्हणजे माणसाच्या कामकाजी आयुष्याचे ८० हजार तास. ते कुठे घालवावेत हे ठरवताना प्रश्न किती मोठा आहे, त्याकडे किती दुर्लक्ष झाले आहे आणि तो सुटण्याजोगा आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि ते काम आपल्याला कितपत जमेल हेही जोडीला पाहावे, असे ती मांडणी सांगते. भाचीने यासाठी आपले चार शब्द केले: व्याप, उपेक्षा, उपाय आणि जमणे. एका शंभरपानी वहीत तिने प्रत्येक वाटेसाठी एक पान घातले, या चार शब्दांचे रकाने आखले आणि शेवटी पाचवा रकाना स्वतःचा जोडला: 'मी नसले तर?'

जागेवर जाऊन पाहणे

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने पणजीजवळच्या एका खासगी दवाखान्यात सहा आठवडे काम केले. तिथे तिचा हात चांगला बसला; शस्त्रक्रियेनंतरची काळजी आणि रक्ताची काचपट्टी वाचणे या दोन्हींत ती तरबेज आहे असे तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितले आणि महिना ४५ हजारांची नोकरी देऊ केली. गोचिडीमुळे होणाऱ्या तापाची कुत्री तिथे रोज येत. मालक मंडळी तपासण्यांना मागेपुढे पाहत नसत आणि बहुतेक कुत्री बरी होऊन जात. हे काम कमी प्रतीचे आहे असे तिला कधी वाटले नाही, आणि तसे कुणी म्हटले तर ती चिडते. वहीत मात्र तिने लिहिले की पणजी-पर्वरी पट्ट्यात असे दवाखाने आहेत, आणखी निघत आहेत, आणि तिने ही जागा घेतली नाही तर महिन्याभरात दुसरा पशुवैद्य ती घेईल.

दानाचा हिशेबही तिने इथेच केला. लोकोपयोगी क्षेत्रातल्या कंत्राटी कामात तिला महिना २५ हजारांच्या आसपास मिळाले असते. दवाखान्यातले जादा २० हजार म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. त्यातले निम्मे दिले तर १ लाख २० हजार. रेबीज कार्यक्रमाच्या सरासरी दराने त्यातून वर्षाला निरोगी आयुष्याची सव्वातीन वर्षे वाचतात. हा आकडा पाहून आम्ही सगळेच थबकलो, कारण तो लहान नाही. कमी पगारात राबून वर्षाला एवढीही भर घालता आली नाही, तर दवाखान्यात राहून पैसे देणे अधिक उपयोगाचे ठरते, हे तिने मान्य केले आणि पुढच्या प्रत्येक वाटेला याच मापाने मोजायचे ठरवले.

डिसेंबरात बारा दिवस ती भटक्या कुत्र्यांना लस देणाऱ्या पथकाबरोबर फिरली. पहाट फुटण्याआधी निघायचे, जाळे टाकणाऱ्यांनी कुत्रा अलगद अडकवायचा, जाळ्यातूनच सुई द्यायची, डोक्यावर रंगाचा ठिपका लावायचा आणि मोबाइलवर नोंद करून पुढे जायचे. या कामात खरे कसब असते ते जाळेवाल्याचे. कुत्रा बिथरणार नाही असे पाऊल टाकणे पुस्तकात शिकता येत नाही. इथे तिला दोन गोष्टी कळल्या. पहिली ही की हे काम संपणारे नाही: कुत्र्यांचे आयुष्य थोडे, नवी पिल्ले सतत येतात, आणि एखाद-दुसरे वर्ष ढिलाई झाली तरी ७० टक्क्यांचे कवच उतरत जाते. रोग दिसत नसताना हे काम चालू ठेवणारी माणसे कुणाच्या नजरेत येत नाहीत, पण आज गोव्यात कुत्रा चावलेले मूल वाचते त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. दुसरी गोष्ट अशी की या यंत्रणेची घडी बसलेली आहे आणि तिच्यासारख्या नव्या पशुवैद्याने तिथे जाऊन पडणारी भर, निदान सुरुवातीची काही वर्षे, थोडीच असेल.

सरकारी पदाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गोवा लोकसेवा आयोगाची जाहिरात येईल तेव्हा अर्ज करायचा. कोकणी आवश्यक, मराठी असल्यास उत्तम, आणि या दोन्ही भाषा तिच्या तोंडी आहेत. काम चांगले आणि गावांशी जोडलेले. पण ती निवडली गेली नाही तर गुणवत्ता यादीतला पुढचा उमेदवार येईल आणि त्याच गुरांवर तेच उपचार करील, असे तिने पाचव्या रकान्यात लिहिले. माझी बहीण यावर म्हणाली, "दादा, हिला सांग, सगळे असा विचार करू लागले तर सरकारी दवाखान्यात बसेल कोण?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून जानेवारी २०२३ पासून ती सत्तरीतल्याच एका सरकारी पशुदवाखान्यात, तिथल्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने, बिनपगारी जाऊन बसू लागली. प्रकरणाने वळण घेतले ते इथे.

काजूचा हंगाम

मार्चमध्ये एक वयस्क बाई गाय घेऊन आली. गाईच्या कानांच्या आत आणि आचळांच्या मागे गोचिडींचे घोस लागले होते. बोलता बोलता ती बाई एकेक गोचीड ओढून काढत होती आणि नखावर नख दाबून चिरडत होती. बोटे रक्ताने माखली होती. भाचीने तिचा हात धरला आणि असे करू नये म्हणून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बाय, दिवसभर बोंडू वेचते मी. पातेऱ्यात बसले की हेच अंगावर चढतात. ह्यांना भिऊन कसे चालेल?"

सत्तरीच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. बोंडू म्हणजे काजूची फळे आणि पातेरा म्हणजे झाडाखालचा पाचोळा. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपण ज्याला माकडताप म्हणतो तो विषाणूजन्य रोग, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडीमार्फत पसरतो, मुख्यत्वे हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या. विषाणूने लाल तोंडाची माकडे आणि वानर मरतात. मेलेल्या जनावराच्या अंगावरून गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची बनते. चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, काहींना रक्तस्राव होतो, आणि १०० रुग्णांमागे ३ ते ५ दगावतात. नेमके औषध नाही. लक्षणांवर उपचार करतात. जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याचे दिसून आल्याने तिचा वापर थांबला. अनेक दशके हा रोग शिमोग्याच्या आसपासच घुटमळत होता. २०१२ पासून तो बंडीपूर, वायनाड असा सरकत निघाला, २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात त्याचा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी तो सिंधुदुर्गात पोचला.

माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची मधली अवस्था. ती टाचणीच्या टोकाएवढी असते, अंगावर चढलेली कळतही नाही. तिचा जोर डिसेंबर ते मे, आणि काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. गळलेले बोंडू वाळलेल्या पातेऱ्यातून हातांनी वेचावे लागतात. ज्या चार महिन्यांच्या मिळकतीवर सत्तरीतली अनेक घरे वर्षाचा संसार ओढतात, तेच चार महिने या रोगाचेही आहेत. आरोग्य कर्मचारी अंगाला लावायचे, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल वाटतात. वेचणारे सांगतात की दोन तासांत घामाबरोबर ते उतरते आणि पुन्हा लावायला बाटली जवळ नसते.

आता गुरांकडे वळतो, कारण भाचीचा विषय तिथून सुरू झाला. गुरे या विषाणूने आजारी पडत नाहीत आणि विषाणू वाढवतही नाहीत, पण प्रौढ गोचिडींचे पोट त्यांच्यावर भरते आणि एक पोट भरलेली मादी हजारांच्या संख्येने अंडी घालते. काजूच्या बागेत चरून येणारे जनावर गोचिडींची पैदास बागेतून गोठ्यात आणि गोठ्यातून बागेत फिरवत राहते. मेलेल्या माकडाची खबर आधी वनखात्याकडे जाते, गुरे पशुसंवर्धन खात्याकडे, तापाचा रुग्ण आरोग्य खात्याकडे. गोचीड तिन्ही ठिकाणी तीच. भाचीने तिन्ही खात्यांच्या तळाच्या कर्मचाऱ्यांशी महिनाभर बोलून एकच प्रश्न विचारला: कोणत्या गावातल्या गुरांवर, कोणत्या महिन्यात, कोणत्या जातीची गोचीड किती सापडते, याची नोंद कोण ठेवते? प्रत्येकाने आपल्याकडची माहिती मोकळेपणाने दिली, पण ही विशिष्ट नोंद सलगपणे ठेवणारे कुणी तिला भेटले नाही. त्या रात्री वहीत पाचवे पान उघडले गेले आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिले, "बहुधा कुणी नाही."

वडिलांचा आक्षेप

या पानावर सर्वांत कडक प्रश्न तिच्या वडिलांनी विचारला. माझे मेहुणे फारसे शिकलेले नाहीत, पण खाणीवरचा हिशेब त्यांनी आयुष्यभर पाहिला आहे. त्यांनी विचारले की देशभरात या तापाचे वर्षाला रुग्ण किती. साधारण ४०० ते ५०० असे उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पंधरा-वीस माणसे दगावतात. रेबीजने हजारो मरतात असे तूच सांगितलेस. मग आकड्याचा एवढा सोस असताना तू लहान आकडा का धरतेस?"

तिने हा आक्षेप टाळला नाही, आणि मला तिच्याबद्दल सर्वांत अधिक आदर वाटला तो या क्षणी. व्यापाच्या रकान्यात माकडताप हरतो, हे तिने आधीच लिहून ठेवले होते. तिचे म्हणणे तीन धाग्यांचे होते. रोगाचा व्याप आज लहान असला तरी तो सरकतो आहे, आणि तो नेमका कशाने सरकतो हे कळण्यासाठी लागणारी गोचिडींची माहितीच विरळ आहे. दुसरे असे की हजारो लोक ज्या मोठ्या प्रश्नावर काम करीत आहेत तिथे तिची भर किती पडेल हे तिने डोळ्यांनी पाहिले होते, तर इथे पशुवैद्यकाचे शिक्षण, सत्तरीची बोली आणि गोठ्यात बिनधास्त शिरता येईल असे घरोब्याचे नाते या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असणे दुर्मीळ होते. तिसरा धागा तिला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता: जनावरांकडून माणसांत येणाऱ्या रोगांचा माग काढण्याची विद्या ती यासाठी शिकली, तर माकडताप उद्या ओसरला तरी ती विद्या रेबीज, लेप्टो, बर्ड फ्लू यांतल्या कशालाही लागू पडते. म्हणजे तिने रोग निवडला नव्हता, कौशल्य निवडले होते. माकडताप हे ते शिकण्याचे जवळचे आणि ओस पडलेले ठिकाण होते.

वडील लगेच राजी झाले असे नाही. त्यांनी हप्त्यांची वही पुढे ठेवली.

निर्णय

त्या वहीमुळेच निर्णय एका उडीत न होता पायऱ्यांनी झाला आणि मला वाटते तो त्यामुळे अधिक चांगला झाला. जून २०२३ पासून भाचीने पणजीजवळच्या त्याच दवाखान्यात पगारी नोकरी धरली आणि महिन्याला २० हजार कर्जात भरायला सुरुवात केली. रविवारी ती गावी येऊन गोठे फिरे. एप्रिल २०२४ मध्ये, दुसरा काजू हंगाम पाहून झाल्यावर, तिने नक्की केले की पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, प्रबंधाचा विषय काजू बागांत चरणाऱ्या गुरांवरील गोचिडी हा मागायचा आणि पुढे शक्य तोवर सत्तरीतच काम करायचे. प्रवेशपरीक्षा झाली, प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती गेली तेव्हा कर्जाचा जेमतेम शेवटचा हप्ता उरला होता. तो तिच्या आईने भिशीच्या पैशांतून भरला.

जाण्याआधी तिने वहीच्या शेवटच्या पानावर, कोणत्या गोष्टी घडल्यास हा निर्णय बदलायचा, हे लिहून ठेवले. शिक्षण संपल्यावर दोन वर्षांत या कामाला कोणत्याही खात्यात किंवा संस्थेत जागा मिळाली नाही, तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची आणि सरकारी पशुवैद्य म्हणून नोकरी सांभाळून जमेल तेवढी नोंद ठेवायची. दुसऱ्या कुणी हे काम तिच्याहून चांगले सुरू केले, तर त्यांना सगळ्या नोंदी देऊन मोकळे व्हायचे. आणि कौशल्य येऊनही वर्षाला सव्वातीन निरोगी वर्षांच्या जवळपासही भर पडत नाही असे प्रामाणिकपणे दिसले, तर दवाखान्यात परतून दान करायचे. हे पान दर वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे घरी असताना, उघडायचे असे ठरले आहे.

यातली पहिली अडचण आजही तशीच आहे. सत्तरीतल्या गोचिडींची नोंद ठेवणारे असे पद कुठल्याही कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले नाही. तिला ते कुणाकडून तरी मंजूर करून घ्यावे लागेल आणि तसे होईलच असे मी म्हणू शकत नाही. तिच्या वर्गातल्या मुलींचे पगार सुरू होऊन बराच काळ झाला आहे. लग्नाचा विषय घरात निघतो आणि ताकास तूर लागू न देता ती प्रबंधाकडे वळते, याची काळजी माझ्या बहिणीला आहे. हा सर्व भार तिच्या निर्णयाने तिच्यावर आणि तिच्या माणसांवर पडला आहे.

यंदाच्या फेब्रुवारीत ती नमुने गोळा करायला गावी आली होती. गवतावरून ओढून गोचिडी पकडायला एक मीटरचे पांढरे फ्लॅनेलचे कापड लागते. दुकानातले कापड दोन दिवसांत कडेला उसवले, म्हणून माझ्या बहिणीने जुन्या मशीनवर त्याला दुहेरी शिवण घातली आणि काठी आरपार जाईल अशी नळी वरच्या कडेला शिवून दिली. सकाळी सहाला आम्ही तिघे बागेत गेलो. उरलेला टिप्पर विकून मेहुण्यांनी घेतलेली छोटी पिकअप बांधावर उभी होती. भाची दहा पावले कापड ओढी, थांबे, गुडघ्यांवर बसून ते उलटे करी आणि चिमट्याने एकेक बारीक ठिपका उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकी. मेहुणे मागून चालत होते. पहिल्या चार कुप्यांपर्यंत ते गप्प होते; पाचवीला त्यांनी खिशातून पेन काढले आणि कुपीवरच्या चिठ्ठीवर तारीख, बागेचे नाव आणि तिथे चरणाऱ्या गुरांची संख्या स्वतःच लिहायला घेतली. नऊपर्यंत बावीस कुप्या भरल्या. चिठ्ठ्यांवरचे त्यांचे अक्षर तिला नीट लागत नव्हते, म्हणून पिकअपच्या फाळक्यावर बसून दोघांनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा मोठ्याने वाचून वहीत उतरवल्या.